जिनगोंडाची कानपाळी

शनिवारी सौदे उरकले की मार्केट यार्डात
अकरा नंबरच्या गाळ्यामागं
पोत्यांची थप्पी जरा सरकवून आम्ही चौघं बसायचो :
इलाही बारगीर, हिंदुराव तोलार, मी दिवाणजी,
आणि हरिपूरचा जिनगोंडा मगदूम,
महापुरात पेवं खचल्यावर दलालीत आलेला.
बूट पाच रुपये. पानं हळदीच्या हातांनी इतकी पिवळी
की चौकटची राणी काविळीनं उठल्यासारखी.

जिनगोंडा हरायचा.
हे आधी सांगतो, कारण आम्हालाही तेच आधी दिसलं.
दुर्री, पंजी, नव्वी,
एकमेकींचं तोंड न बघणारी तीन पानं घेऊन
पन्नासापर्यंत चाल करत जायचा
आणि कुणी शो मागितला की पानं उलटी टाकून
गाळा दणाणेल असा हसायचा,
"सापडलो की रं!"
हिंदुराव म्हणायचा, याच्या पोटात खोटं टिकतच नाही.

कधी जोडी असून गप पॅक.
कधी तीन तीन डाव ब्लाइंड,
पानांना बोट न लावता.
एरवी चारच्या ठोक्याला चहा,
त्याच टपरीचा, त्याच बाकड्यावर बसून,
पण पत्त्यात दर डावाला निराळ्याच घरचा माणूस.

एकच गोष्ट पक्की होती.
थाप मारताना तो डावी कानपाळी चोळायचा.
ती मी हेरली, नागपंचमीच्या सुमारास,
आणि कुणाला बोललो नाही.
चार महिने त्या कानपाळीवर माझं बरं चाललं.
तो वीस हरला, तीस हरला, एकदा सत्तर,
आणि बोटांची हळद लागून लागून
कानाला पिवळा ठिपकाच पडला.

मार्गशीर्षात एका रात्री
इलाही पॅक, हिंदुराव पॅक.
माझ्याकडं बदामचा कलर, वर एक्का.
जिनगोंडानं पानं पाहिली
आणि कानपाळी चोळली.
मी चाल वाढवली. त्यानं चोळली.
मी पगाराचं पाकीट काढलं.
त्यानं इतकी चोळली की मलाच त्याची कीव आली.

तिर्री. तिर्री.
तिसरं पान त्यानं सावकाश टाकलं,
माणूस आजारी माणसाला उताणा करतो तसं.
तिर्री.

"दिवाणजी, पेवात उतरायच्या आधी कंदील सोडत्यात खाली.
वात विझली तर आत हवा न्हाई.
तुमी चार म्हैने कंदील बघून उतरलासा,
पर कंदील माजा हुता."
मग पैसे मोजता मोजता, माझ्याकडं न बघता,
"स्वस्तातली थाप उघडी करून दावायची.
म्हंजे महागातलं खरं कुणाला खरं वाटत न्हाई."

घरी जाऊन मी हिशोब मांडला, सवयच ती.
माझ्याशी तो हरला होता नऊशे पस्तीस.
बियाणं म्हणून तेवढं टाकलं असेल.

फाल्गुनात नवा माल आला, यार्डभर धूळ.
पिसता पिसता म्हणाला, मंगळवारी मिरजेला ॲडमिट व्हायचंय,
पोटात गाठ हाय म्हंत्यात.
आणि कानाला हात गेला.
इलाही हसला. हिंदुराव म्हणाला, चाल!
मी त्या पिवळ्या ठिपक्याकडं बघत राहिलो.
"खरं का रे?"
"शो मागायचा तर डबल टाका, दिवाणजी."
मग तोही हसला, आणि पानं वाटली.

मंगळवारी सौदा अर्धा टाकून मी मिरजेची बस धरली.
तिसरा मजला, खिडकीकडची खाट.
सलाईनच्या हातात पानं धरून
तो शेजारच्या ट्रकवाल्याशी खेळत होता,
बूट म्हणून मोसंबीची एकेक फोड,
आणि हरत होता.
मी दारात उभा.
त्यानं पानं उलटी टाकली.
"सापडलो की रं," म्हणाला.
कुणाला म्हणाला, ते मला कळलं नाही.